मुलांच्या मधुमेहात पहिले वर्ष सैल सोडू नका

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १४ नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या आसपास वर्तमानपत्रांत मधुमेहावर मजकूर येतो. वजन उतरवा, चाला, गोड आवरा. मोठ्यांच्या, म्हणजे टाइप २ मधुमेहासाठी हा सल्ला योग्यच आहे. पण यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या एखाद्या खेड्यात सात-आठ वर्षांच्या लेकराला टाइप १ मधुमेह निघतो, तेव्हा त्या घराला यातले एकही वाक्य कामाचे नसते. उलट त्या आईला वाटत राहते की आपणच काही जास्त गोड खाऊ घातले. तसे मुळीच नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. त्यात आईबापाचा, खाण्यापिण्याचा दोष नाही. गोळ्यांनी हा आजार आटोक्यात येत नाही. पहिल्या दिवसापासून इन्सुलिनच लागते.

हे पत्र एका नेमक्या मुद्द्यासाठी आहे. निदानानंतरचे पहिले काही आठवडे आणि पहिले वर्ष यांत साखर किती काटेकोर ठेवायची, हा तो मुद्दा. मोठ्या दवाखान्यातून सुटी होताना अनेकदा हातात ३०/७० या (३० टक्के लवकर काम करणारे, ७० टक्के संथ) मिश्र इन्सुलिनची एक शिशी, सकाळ-संध्याकाळचे दोन डोस आणि ‘तीन महिन्यांनी या’ एवढेच पडते. वर प्रेमाने सांगितलेही जाते की लेकरू लहान आहे, २५०-३०० राहिली तरी चालेल, फक्त उतरू देऊ नका. साखर उतरण्याची भीती खरी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितो. पण ‘चालेल’ हा शब्द आम्हाला मान्य नाही. त्याची किंमत ते मूल पंचविशीत, तिशीत डोळ्यांनी आणि मूत्रपिंडांनी मोजते.

याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला. एका गटाला दिवसातून तीन-चार इंजेक्शने किंवा पंप, वारंवार तपासणी आणि दर काही दिवसांनी डोसात बदल. दुसऱ्याला त्या काळच्या रीतीप्रमाणे एक-दोन इंजेक्शने. पहिल्या गटाचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या जवळ राहिले, दुसऱ्याचे ९ च्या आसपास. ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार होण्याचा धोका काटेकोर गटात ७६ टक्क्यांनी कमी निघाला. नसांचा विकार ६० टक्क्यांनी कमी झाला, मूत्रपिंडाचाही लक्षणीय घटला. अभ्यास संपल्यावर सगळ्यांनाच काटेकोर उपचार शिकवले गेले आणि काही वर्षांत दोन्ही गटांची साखर सारखीच, ८ टक्क्यांच्या आसपास आली. तरीही आधी सैल राहिलेल्या गटात गुंतागुंत जास्तच होत राहिली. २००५ मध्ये हृदयविकाराच्या घटनांतही हाच फरक दिसला: काटेकोर गटात त्या ४२ टक्क्यांनी कमी. शरीर सुरुवातीच्या वर्षांतली साखर विसरत नाही. ‘आता लहान आहे, मोठे झाल्यावर कडक करू’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी, कारण अलीकडे तिच्या नावाने पालकांना मोठी आशा दाखवली जाते. निदानाच्या वेळी काही बीटा पेशी जिवंत असतात. साखर लगेच आटोक्यात आणली तर त्या पेशी वाचतात का? १९८९ च्या एका छोट्या अभ्यासात आणि डीसीसीटीत उत्तर होकारार्थी होते. पण २०२२ आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चांगल्या चाचण्यांत, निदानानंतर लगेच स्वयंचलित पंप लावून साखर उत्तम ठेवूनही मुलांच्या पेशींचा ऱ्हास थांबला नाही. म्हणजे काटेकोर उपचाराने मधुमेह ‘बरा होतो’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. डोळे, मूत्रपिंड, नसा, हृदय वाचवण्यासाठी तो लागतो, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

आणखी एक कारण आहे. स्वीडनसारख्या देशांच्या नोंदवह्यांत दिसते की पहिल्या वर्षात मुलाची जी पातळी बसते, ती पुढे बरीच वर्षे तशीच चालते. घराची सवय पहिल्या काही महिन्यांत लागते. २५० चा आकडा पाहून घाबरायचे नाही असे एकदा शिकलेले घर नंतर १५० साठी झटत नाही.

साखर लवकर आवरायची म्हणजे आधी आजार लवकर ओळखायला हवा. लघवी वाढणे, रात्री अंथरूण ओले होणे (विशेषतः आधी बंद झालेले असेल तर), सतत तहान, भूक असूनही वजन उतरणे. ही चार लक्षणे दिसली की बोटाच्या थेंबावर साखर तपासावी. एक मिनिट लागते. ही संधी हुकली की उलट्या, पोटदुखी, धाप आणि सुस्ती सुरू होते, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. हा किटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात किटोन नावाची आम्ले साठणे. याला गॅस्ट्रो, न्यूमोनिया, टायफॉइड समजून डेक्स्ट्रोजचे सलाईन लावले जाते आणि साखर आणखी चढते. धाप लागलेल्या, पण छाती साफ असलेल्या मुलाची साखर पाहिल्याशिवाय बाटली लावू नये, एवढी विनंती खासगी व सरकारी दोन्ही डॉक्टरांना आहे. निदान पक्के झाले तर साधे नॉर्मल सलाईन किलोमागे १० मिलि या हिशेबाने अर्ध्या ते एका तासात द्यावे, शिरेतून इन्सुलिनचा एकदम डोस देऊ नये, सोडा-बायकार्ब देऊ नये आणि मोठ्या दवाखान्याशी फोनवर बोलतच १०८ मध्ये बसवावे. ज्या मुलांचे निदान या अवस्थेत होते, त्यांची साखर पुढे कित्येक वर्षे जास्त राहते असे आढळले आहे.

आता डोस. खालचे आकडे समजण्यासाठी आहेत. प्रत्येक मुलाचा डोस त्याचे डॉक्टरच ठरवतील. सुरुवातीला दिवसभराचे एकूण इन्सुलिन साधारण किलोमागे अर्धा ते एक युनिट लागते, वयात येताना ते सव्वा-दीडपर्यंत जाते. २० किलोच्या मुलाचे १५ युनिट धरू. सर्वांत चांगली पद्धत म्हणजे यातले साधारण ४० टक्के, म्हणजे ६ युनिट दिवसरात्र पुरणारे इन्सुलिन आणि उरलेले ९ तीन जेवणांआधी ३-३-३. दिवसरात्र पुरणाऱ्या या इन्सुलिनला आम्ही ‘पायाचे’ (मूळ आधाराचे) म्हणतो; ग्लार्जिन परवडत असेल तर त्यासाठी ते द्यावे. २०२२ पासून ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. नसेल तर स्वस्त रेग्युलर (जेवणासाठीचे, स्वच्छ दिसणारे) आणि एनपीएच (संथ, गढूळ दिसणारे) यांवरही हे जमते. एनपीएचचे सकाळी २ आणि रात्री झोपताना ४, रेग्युलर प्रत्येक जेवणाच्या अर्धा तास आधी.

दुपारी शाळेत सुई टोचणारे कोणी नसेल तर तीन इंजेक्शनांची रीत चालते. सकाळी रेग्युलर ३ व एनपीएच ७, संध्याकाळच्या जेवणाआधी रेग्युलर ३, झोपताना एनपीएच २. सकाळच्या एनपीएचचा जोर दुपारी येतो आणि शाळेतल्या खिचडीची साखर त्यात सांभाळली जाते. पण मग खिचडी वेळेवर खाल्लीच पाहिजे.

मिश्र ३०/७० का नको, हे इथेच कळते. त्यात दोन इन्सुलिने एकत्र बांधलेली असतात. एकाला हात लावला की दुसरेही हलते. संध्याकाळी सात वाजता दिलेल्या मिश्रणातले एनपीएच रात्री बारा ते तीनच्या दरम्यान जोरावर येते, लेकराची साखर झोपेत उतरते, आणि पहाटेपर्यंत त्याचा जोर ओसरल्याने सकाळी साखर चढलेली दिसते. मग सकाळचा आकडा पाहून संध्याकाळचा डोस वाढवला जातो आणि रात्रीचा धोका दुप्पट होतो. तेच एनपीएच वेगळे काढून रात्री दहाला दिले की बहुतेक घरांत ही अडचण सुटते.

कोणता आकडा कोणत्या डोसाशी बांधलेला आहे, हे आईला पाठ हवे. सकाळची उपाशीपोटीची साखर झोपतानाच्या एनपीएचवर, दुपारच्या जेवणाआधीची सकाळच्या रेग्युलरवर, संध्याकाळची दुपारच्या रेग्युलरवर (तीन इंजेक्शनांत सकाळच्या एनपीएचवर), झोपतानाची संध्याकाळच्या रेग्युलरवर. एकाच वेळचा आकडा तीन दिवस सलग चढा राहिला तर त्याच्याशी बांधलेला डोस दहा टक्क्यांच्या आसपास, लहान मुलात अर्धा ते एक युनिट वाढवायचा. विनाकारण ७० च्या खाली गेला तर तीन दिवस थांबायचे नाही, दुसऱ्याच दिवशी कमी करायचा. सकाळचा आकडा चढा असेल तर डोस वाढवण्याआधी एकदा पहाटे तीनला उठून तपासायचे. हे काम तीन महिन्यांनी एकदा दवाखान्यात जाऊन होण्यासारखे नाही. पहिले सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी वहीतले आकडे डॉक्टरांना किंवा प्रशिक्षित सिस्टरला फोनवर सांगता यावेत. व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला तरी पुरते. काटेकोर उपचाराचा खरा अर्थ हाच आहे. महागडे यंत्र ही त्यातली पुढची पायरी.

उद्दिष्टही आकड्यात सांगायला हवे. बालमधुमेहाच्या इस्पॅड या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या शिफारशींप्रमाणे उपाशीपोटी ७० ते १४४, दिवसाचा बहुतेक वेळ ७० ते १८० आणि एचबीए१सी ७ च्या खाली. अनेक देशांतल्या बालमधुमेह केंद्रांची तुलना करणाऱ्या ह्विडोरे गटाला आढळले की जिथे डॉक्टर, परिचारिका आणि पालक सगळे एकच आणि कमी आकडा सांगतात, तिथल्या मुलांची साखर चांगली असते. इन्सुलिन कुठले वापरले याने तितका फरक पडत नाही. यासाठी एक रुपयाही लागत नाही. डॉक्टर १५० म्हणतात, सिस्टर २०० म्हणते आणि शेजारचे कंपाउंडर ‘३०० म्हणजे काहीच नाही’ म्हणतात, तिथे आईने कोणाचे ऐकावे?

खाण्याबद्दल वेगळा गैरसमज आहे. भात बंद, बटाटा बंद, केळी बंद असे करून वाढत्या लेकराला अर्धपोटी ठेवले जाते. खाणे बंद करायचे नसते, मोजायचे असते. ५०० ला दिवसाच्या एकूण इन्सुलिनने भागले की एक युनिट किती ग्रॅम पिष्टमय पदार्थ सांभाळते ते साधारण कळते. १५ युनिट असतील तर सुमारे ३३ ग्रॅम. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत जवळपास ३५ ग्रॅम पिष्ट असते, म्हणजे एका भाकरीला एक युनिट. २५ ग्रॅम कणकेच्या पोळीला अर्धे. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅमच्या आसपास. मध्यम संत्र्यात १२ ते १५. पिठल्यात बेसनाच्या हिशेबाने थोडे, तेलात आणि पालेभाजीत जवळजवळ नाही. भाकरीचे पीठ किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा तोलून घ्यावे आणि मग नेहमी त्याच वाटीने मोजावे. त्याच धर्तीवर चढलेली साखर उतरवण्यासाठी रेग्युलर इन्सुलिनचा हिशेब १५०० भागिले एकूण डोस. १५ युनिटच्या मुलात एक युनिट साखर सुमारे १०० ने उतरवते. असा जादा डोस देऊन दोन तासांत पुन्हा द्यायचा नाही. रेग्युलरचा अंमल पाच-सहा तास टिकतो, डोस एकावर एक चढतात आणि लेकरू अचानक कोसळते.

यानंतरचा मजकूर औषध दुकानदारांनीही वाचावा. आपल्याकडे शिशीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलि असते, पेनच्या काडतुसातले १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन १० च्या खुणेपर्यंत ओढले तर १० ऐवजी २५ युनिट जातात. उलट १०० च्या सिरिंजमध्ये ४० चे इन्सुलिन १० च्या खुणेपर्यंत ओढले तर फक्त ४ जातात. पहिल्या चुकीत लेकरू बेशुद्ध पडू शकते. दुसरीत साखर दिवसेंदिवस ४०० राहते, डोस वाढत जातो, आणि एके दिवशी कोणीतरी बरोबर सिरिंज देतो तेव्हा तो वाढलेला डोस पूर्ण अंगावर येतो. शिशीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय दुकानदाराने पिशवी हातात देऊ नये. पेनचे काडतूस सिरिंजने उपसू नये.

टोचण्याच्या गोष्टी थोड्या, पण त्याच बिघडवतात. गढूळ एनपीएच हलवून नाही, तर तळहातांत वीसएक वेळा घोळवून एकजीव करावे. दोन इन्सुलिने एका सिरिंजमध्ये घ्यायची तर आधी स्वच्छ, मग गढूळ. पोट आणि मांडी, दर वेळी दोन बोटे जागा सोडून; काटकुळ्या लेकराची कातडी चिमटीत उचलून, तिरपी सुई. टोचल्यावर दहा आकडे मोजून मग काढावी. त्याच त्याच जागी टोचले की दुखत नाही म्हणून मुले तीच जागा पुढे करतात, तिथे चरबीची गाठ येते, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही. साखर एक दिवस ९०, एक दिवस ३५० अशी खेळत असेल तर डोस बदलण्याआधी पोटावरून हात फिरवून गाठ शोधावी.

वैदर्भीय उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. न उघडलेली शिशी २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरातली ३० अंशांच्या आत असली तर महिनाभर चालते. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूर, नागपूरला पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. फ्रिज नसलेल्या घरासाठी माठ उत्तम. रुंद तोंडाच्या माठात ओली वाळू भरावी, तिच्यात लहान मडके बसवावे, शिशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या डब्यात त्या मडक्यात ठेवावी, आणि माठ सावलीत पण वारा लागेल असा ठेवून वाळूवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. आपला उन्हाळा कोरडा असल्याने कूलरप्रमाणेच हा माठही चांगला थंड होतो. पावसाळ्यात दमट हवेत तो तितका थंड होत नाही, पण तेव्हा बाहेरचे तापमानही उतरलेले असते. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी शिशी बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी. दुचाकीच्या डिकीत, एसटीच्या काचेजवळ ठेवू नये. मेदाँ साँ फ्राँतिए ही वैद्यकीय मदत संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांच्या २०२१ च्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे इन्सुलिनची ताकद टिकली, म्हणून एक रात्र वीज गेली तर शिशी फेकण्याची गरज नाही. स्वच्छ इन्सुलिन गढूळ झाले किंवा गढूळात गुठळ्या-कण चिकटले तर मात्र फेकावे.

ग्लुकोमीटरलाही ऊन लागते. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की आकडे चुकतात. थेंब घेण्याआधी हात पाण्याने धुवून कोरडे करावेत. संत्रे सोललेल्या किंवा गुळाच्या बोटाने घेतलेला थेंब साखर खोटी चढी दाखवतो, आणि त्या आकड्यावर दिलेला जादा डोस खरा असतो.

पहिल्या वर्षातला सर्वांत फसवा काळ निदानानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतो. उरलेल्या पेशींना विसावा मिळतो, त्या थोडे काम करू लागतात, आणि डोस किलोमागे अर्ध्या युनिटच्याही खाली येतो. डॉक्टर याला हनिमूनचा काळ म्हणतात. प्रत्येक मुलात तो येत नाही. अगदी लहान मुलांत आणि किटोअॅसिडोसिसने आलेल्यांत कमी येतो. याच वेळी कोणीतरी जडीबुटी सुरू केलेली असते आणि श्रेय तिला जाते. इन्सुलिन बंद होते, आणि काही आठवड्यांत तेच लेकरू पुन्हा धाप लागून दवाखान्यात. साखर ७० कडे झुकू लागली की डोस कमी करावा, अगदी दिवसाला दोन-तीन युनिटवर आणावा, पण बंद करू नये.

आता साखर उतरण्याच्या भीतीबद्दल. डीसीसीटीत काटेकोर गटात गंभीररीत्या साखर उतरण्याचे प्रमाण जवळपास तिप्पट होते. तेव्हापासून इन्सुलिने आणि तपासणी सुधारली, तरी धोका आहेच, म्हणून उतरलेली साखर सांभाळता येणे ही काटेकोर उपचाराची पहिली अट. ७० च्या खाली, किंवा घाम, थरथर, चिडचिड, अचानक भूक, गुंगी. २० किलोच्या मुलाला दीड चहाचा चमचा साखर पाण्यात, ४० किलोच्याला अडीच ते तीन. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट, दूध, बिस्किट यांतली चरबी साखर हळू चढवते, ते आधी देऊ नये. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर झोपवावे, ग्लुकागॉन (साखर चढवणारे इंजेक्शन) असेल तर २५ किलोखाली अर्धे मिलिग्रॅम, त्यावर एक, नसेल तर आरोग्य केंद्रात १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिलि शिरेतून. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर वावरात गेलेले किंवा दिवसभर कबड्डी खेळलेले मूल त्याच रात्री उतरू शकते. त्या दिवशी झोपतानाचे एनपीएच १० ते २० टक्के कमी करावे आणि रात्री एकदा तपासावे. खिशात साखरेची पुडी कायम असावी.

मूल आजारी पडले, खात नाही, उलट्या होताहेत, म्हणून इन्सुलिन थांबवणे ही घातक चूक आहे. तापात इन्सुलिनची गरज वाढते. पायाचे इन्सुलिन चालूच ठेवून दर तीन-चार तासांनी साखर आणि लघवीतले किटोन पाहावेत. किटोन वाढत असतील किंवा उलट्या थांबत नसतील तर घरी वाट पाहू नये.

विदर्भासाठी एक खास सूचना. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटे कमी येते. साखर रोज २५० असताना अहवालात ६.५ दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. उलट लोहाच्या कमतरतेच्या पांडुरोगात तो खोटा चढू शकतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत वाटलेले कार्ड असेल तर एचबीए१सी वाचण्याआधी ते पाहावे. आजार असेल तर वहीतले आकडे किंवा फ्रुक्टोसामाइन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगणारी) तपासणी यांवरच भिस्त ठेवावी. केवळ वाहक असलेल्यांमध्येही काही प्रयोगशाळांच्या पद्धती चुकतात, म्हणून पद्धत विचारून घ्यावी.

या सगळ्याचा कणा म्हणजे तपासणीची पट्टी. बाजारात एक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते. दिवसाला चार तपासण्या म्हटल्या तरी महिन्याला अठराशे ते तीन हजार. मजुरी करणारे घर हे पेलू शकत नाही, मग महिन्यात चार-पाच तपासण्या होतात आणि डोस अंदाजाने चालतो. इन्सुलिन मोफत देऊन पट्टी न देणे म्हणजे निम्मा उपचार. मिळतील तेवढ्या पट्ट्या तरी हुशारीने वापराव्यात: सोमवारी सकाळच्या जेवणाआधी व नंतर, मंगळवारी दुपारच्या, बुधवारी संध्याकाळच्या, आणि आठवड्यातून एकदा पहाटे तीनला. पण हा नाइलाजाचा मार्ग आहे. पहिल्या दोन महिन्यांत तो पुरत नाही.

म्हणून जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना आमची मागणी आहे. नव्याने निदान झालेल्या प्रत्येक मुलासाठी पहिल्या वर्षी दिवसाला किमान चार पट्ट्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळाव्यात. मिश्र इन्सुलिनबरोबर रेग्युलर आणि एनपीएच वेगवेगळे, आणि त्यांना जुळणाऱ्या ४० च्या सिरिंज साठ्यात असाव्यात. प्रत्येक उपकेंद्रात चालू ग्लुकोमीटर असावा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळा तपासणीत ती चार लक्षणे विचारावीत. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाण्याचे पदार्थ जवळ ठेवण्याची मुभा दिली. नागपूर व अमरावती विभागीय मंडळांच्या प्रत्येक केंद्रप्रमुखालाही पुडी, पाणी आणि ग्लुकोमीटर अडवायचे नाहीत हे लेखी कळवले जावे.

आपल्याकडे शाळा जूनअखेरीस उघडतात. त्या आठवड्यात आपल्या दैनिकाने लक्षणांची चौकट आणि ४०-१०० सिरिंजची चौकट, दोन्ही पहिल्या पानावर छापाव्यात. मुख्याध्यापकांनी त्या कापून कार्यालयात लावाव्यात, आणि वर्गात मधुमेही मूल असेल तर त्याच्या आईकडून साखरेची एक डबी व फोन नंबर मागून घ्यावा.

आपले,
ग्रामीण भागात बालमधुमेहाचे काम करणारे डॉक्टर व परिचारिका,
जि. यवतमाळ